वाकळ शिवताना
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



आतापर्यंत इंजिनिअर बोलले, बँकेतले साहेब बोलले, आता मी. संयोजकांनी फोनवर विचारलं होतं, "तुझ्या नावापुढं काय लिहायचं, गृहिणी की उद्योजिका?" म्हटलं, वाकळा शिवते असं लिही. शहरातली मंडळी गोधडी म्हणतात, तीच ही.

आपल्या पाटण भागातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. आषाढात वाकळ शिवायला बसणं म्हणजे ओल्या कपड्याशी भांडण. दोऱ्याला वास लागतो, सुया गंजतात. सुया मी तेलाच्या चिंधीत खोचून ठेवते. आणि वेळ तरी कुठं असतो? दिवसभर भाताच्या लावणीत कमरेत वाकून आल्यावर मोठी वाकळ मांडीवर घेववत नाही. म्हणून पावसाळ्यात फक्त दुपटी. मांडीत मावतात, चुलीपुढं बसून शिवता येतात. दिवाळीला बाळंतिणी लेकी माहेरी येतात, तोवर सात-आठ तयार होतात.

भाद्रपद संपत आला की घट बसायच्या आधी घरोघरचं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर. भिजलेली वाकळ एकटीनं उचलत नाही, दोघी लागतात. तेव्हाच कळतं कुणाची कुठं उसवली, कुणाची आता वरून नवा थर मागते. माझं खरं काम तिथं, नदीवरच्या दगडांवर ठरतं. जाहिरात वगैरे काही नाही!

माझ्या आजीनं मला शिकवलं. नऊवारी म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट. त्याचे पावणेसात फुटी चार तुकडे पडतात. म्हणजे एका लुगड्यात चार थरांची एक पातळ वाकळ. थंडीची हवी तर आणखी थर घालायचे. थर अंथरून हातानं सुरकुती काढायची, लांब टाके घालून सगळं जागेवर धरायचं, मग कडेनं धावदोरा घालत फिरत फिरत मधे यायचं. शिवणाच्या बाई इथं बसल्या आहेत. त्यांनी माझा धावदोरा तीनदा उसवायला लावला होता. बाई, आता नाही उसवावा लागत.

गणिताच्या सरांची आठवण काढून एकदा हिशेबही केला. बोटभर अंतरावर ओळी धरल्या तर एका वाकळेत नव्वदएक ओळी, प्रत्येक दोन मीटरची. म्हणजे १८० मीटर शिवण. सेंटीमीटरला एक टाका धरा, अठरा हजार टाके. रोज तीन तास बसले तर अठरा दिवस, म्हणजे ५४ तास. एक व्यापारी मला एका वाकळेचे १५०० रुपये द्यायचा. तासाला २८ रुपयेसुद्धा पडत नाहीत. तीच वाकळ तो शहरात किती पटीनं विकत होता, ते माझ्या भाचीनं मोबाइलवर दाखवलं. त्या दिवसापासून त्याला माल देणं बंद केलं. आता हाताच्या शिवणीची मोठी वाकळ ३००० ला. गिऱ्हाईक कमी झालं, हे खरं. काही जणी म्हणतात, "अगं, जुन्या कापडाचे एवढे?" कापड तुमचंच असतं, बाई. पैसे डोळ्यांचे आणि बोटांचे.

मला खरी काळजी कापडाची आहे. शंभरदा धुतलेल्या सुती लुगड्यासारखी ऊब दुसऱ्या कशात नाही, आणि ती नेसणाऱ्या बायका आता चाललल्या आहेत. पॉलिएस्टरची साडी आत घातली की थर सरकतो, घाम शोषत नाही. मी ती फक्त वरच्या ठिगळांना वापरते, रंगासाठी.

मागच्या वर्षी दोन भाऊ आले, वेगवेगळ्या दिवशी. आई गेलेली, घराची वाटणी झालेली, बोलणं बंद. थोरल्याच्या वाट्याला आईची दोन लुगडी, धाकट्याच्या एक. धाकट्याचं मधोमध विरलेलं, त्याची पुरती वाकळ होत नव्हती. मी दोघांना फोन केला, तिन्ही एकत्र करून दोन शिवू का? धाकटा लगेच हो म्हणाला. थोरल्यानं आठवडा घेतला. मग एका संध्याकाळी म्हणाला, "शीव. पण हिरवं लुगडं दोन्हींत वरच्या बाजूला दिसू दे." तसंच केलं. न्यायला मात्र दोघं वेगवेगळेच आले.

मार्गशीर्ष उजाडला की सगळ्यांना एकदम वाकळ आठवते. त्या महिन्यात आजी हटकून भूकंपाचं काढायची. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. तेव्हा माझा जन्मही नव्हता. पडलेल्या घरातून माणसांच्या पाठोपाठ वाकळा ओढून काढल्या, म्हणायची. उभ्या राहिलेल्या घरातही कुणी झोपायला धजत नव्हतं, सगळं गाव उघड्यावर, तेही कोयनेच्या थंडीत. एकेका वाकळेखाली चार-चार पोरं. त्यांतली एक अजून माझ्याकडं आहे. वरून तीनदा थर चढवले, त्यामुळं आता ती उचलायलाच माणूस लागतं. मी ती विकत नाही, आणि मेळाव्याला आणा म्हणालात तरी आणली नाही, जड आहे म्हणून.

चैत्र-वैशाखात काम सुखाचं. दुपारी पडवीत शेजारणी जमतात, एका वाकळेच्या चार बाजूंना चौघी. काम भराभर होतं, पण चौघींचा टाका चार तऱ्हेचा. कोण कुठं बसली होती ते मी वाकळ बघून सांगते.

वेळ संपली अशी खूण झाली आहे, तर कामाचं सांगून बसते. कुणाच्या माळ्यावर आईची, आजीची सुती लुगडी असतील तर बोहारणीला देऊ नका. विरलेली चालतील, फक्त धुऊन कडक उन्हात वाळवून आणा. श्रावणाच्या आत दिलीत तर याच थंडीत वाकळ मिळेल. पौषात कुडकुडत आलात, तर पुढच्या थंडीत.