मोक्का आणि बचावाचा अधिकार

(वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



नव्वदच्या दशकात मुंबईने खंडणीचे दूरध्वनी आणि भरदिवसा पडणारे मुडदे पाहिले. १९९७ साली गुलशन कुमार यांची हत्या झाली, तेव्हा सामान्य माणसाच्या मनात धस्स झाले. साक्षीदार फुटत, टोळीप्रमुख परदेशात आणि नेहमीचे कायदे अपुरे! त्या परिस्थितीतून १९९९ साली ‘मोक्का’ जन्माला आला. त्याची आवश्यकता मी नाकारत नाही. परंतु शस्त्र जितके धारदार, तितके ते धरणाऱ्या हातावरचे बंधन कठोर हवे.

या कायद्याची धार किती आहे? आरोपपत्राची मुदत नव्वद दिवसांवरून एकशे ऐंशी दिवसांपर्यंत वाढू शकते. आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास सबळ कारण आहे आणि तो जामिनावर असताना पुन्हा गुन्हा करणार नाही, याविषयी न्यायालयाचे समाधान झाल्याशिवाय जामीन नाही. पोलीस अधीक्षक वा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाबही पुरावा ठरतो.

मग निरपराध माणसाने कोठे उभे राहावे? बचावाच्या जागा कायद्यातच आहेत.

पहिली जागा, मंजुरी. उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीशिवाय या कायद्याखाली गुन्ह्याची नोंद होऊ शकत नाही. अपर महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून विशेष न्यायालय दखल घेऊ शकत नाही. हे आदेश विचारपूर्वक दिले गेले की यांत्रिकपणे, हे वकिलाने प्रथम तपासावे.

दुसरी जागा, ‘टोळी’चा दुवा. मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे आणि न्यायालयाने घेतलेली त्यांची दखल आवश्यक असते. ती टोळीविरुद्ध असली तरी पुरे, प्रत्येक आरोपीविरुद्ध स्वतंत्रपणे असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. म्हणूनच हा माणूस खरोखर टोळीचा घटक होता काय, की केवळ ओळखीचा, शेजारी वा नातेवाईक, हा प्रश्न निर्णायक ठरतो. शिवाजी सोनवणे प्रकरणात २०१५ साली त्याच न्यायालयाने सांगितले की, मूळ गुन्ह्यातून सुटका झाल्यावर केवळ जुन्या आरोपपत्रांच्या बळावर मोक्काची शिक्षा टिकत नाही.

तिसरी जागा, कबुलीजबाब. तो देण्याचे बंधन नाही, हे आरोपीला आधी सांगावे लागते. नंतर त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. छळाची तक्रार तेथेच करावी. तसे झाल्यास वैद्यकीय तपासणी बंधनकारक आहे. भीतीपोटी गप्प राहिलेला आरोपी पुढे बोलला, तर त्याचे म्हणणे पटणे अवघड जाते.

चौथी जागा, जामीन. मुद्रांक घोटाळ्याशी संबंधित शर्मा प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जामीन देताना आरोपी निर्दोषच आहे असा निष्कर्ष काढण्याची अपेक्षा नाही. व्यापक शक्यतांचा विचार पुरेसा आहे.

घरच्या कर्त्या मंडळींना माझे सांगणे एवढेच: अटक होताच पहिल्याच दिवशी वकील गाठा. तो संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाने दिलेला हक्क आहे. ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते. कोणत्याही कागदावर न वाचता सही करू नये.

आणि समाजाने? आरोप म्हणजे निकाल नव्हे, याचे भान ठेवावे. बचावाच्या या पायऱ्यांना ‘पळवाटा’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, त्या ओलांडून सिद्ध झालेला गुन्हाच वरिष्ठ न्यायालयात टिकतो. खऱ्या गुंडाला शिक्षा व्हावी असे वाटत असेल, तर निरपराधाच्या बचावाचे रक्षण हे आपलेही कर्तव्य आहे.