आधी खड्डा, मग सौदा
(जिल्हा मेळाव्यातील भाषणावरून)



रस्त्याचे काम निघाले की गावात माणूस येतो. "तुमच्या वावराखाली रेती-गोटे आहेत, एकराचे इतके घ्या अन् सही करा," म्हणतो. त्याने पाहिलेले काय असते? नाल्याच्या दरडीत उघडा पडलेला एक थर. एका बोंडावरून आपण कपाशीचा उतारा धरत नाही. मग एका दरडीवरून जमिनीचा सौदा कसा करायचा?

आधी कायदा ऐका. १९५७ च्या खाण कायद्यात रेती-गोटे हे गौण खनिज आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८ प्रमाणे खनिजाचा हक्क सरकारने राखून ठेवला आहे. विनापरवाना उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. टिप्पर निघून जातात. सातबारा तुमच्या नावावर राहतो. म्हणून लेखी परवाना पाहिल्याशिवाय कुदळ लावू देऊ नका.

आता शोधाची रीत. मोठ्या खनिजांचा शोध सरकार चार टप्प्यांत घेते. कारण साधे आहे. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा महाग असतो, म्हणून दर टप्प्याला थांबून पुढे जायचे की नाही ते ठरवायचे. गोट्यांसाठी आपल्याला तीन टप्पे पुरतात.

पहिला टप्पा बिनपैशाचा. गावातल्या विहिरी मोजा. कोणत्या विहिरीत किती हातावर गोटे लागले, थर किती जाड होता, हे जुन्या माणसांना विचारून गावनकाशावर मांडा. गोटे नदीने आणून टाकलेले असतात. जुन्या पात्राच्या लांबट, अरुंद पट्ट्यात ते सापडतात. शेजाऱ्याकडे आहेत म्हणून तुमच्याकडे असतीलच असे नाही.

विहिरींनी आशा दाखवली तरच दुसरा टप्पा. पट्ट्याला आडवे खड्डे जवळजवळ घ्या, लांबीच्या दिशेने दूरदूर चालतील. प्रत्येक खड्ड्यात माती किती, गोटे किती, पाणी कुठे लागले, हे वहीत लिहा. खड्ड्याची कड ढासळते. आधाराशिवाय खोल उतरू नका, अन् नोंद होताच खड्डा बुजवा.

तिसऱ्या टप्प्यात जवळजवळ खड्डे आणि चाळणी. ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहतात ते गोटे, खाली पडते ती रेती. धुऊन पाहिले की चिखल किती तेही कळते.

मग हिशेब. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. समजा, एका एकरातल्या चार खड्ड्यांत थर २, दीड, १ आणि शून्य मीटर निघाला. सगळीकडे २ मीटर धरला तर २,८६० ब्रास दिसतात. सरासरी काढली तर १,६०० ब्रासच भरतात. त्यातून चिखल, धुऱ्याची सोड आणि कडेचा उतार वजा करायचा. वर दोन मीटर काळी माती असेल तर १,६०० ब्रासासाठी २,८६० ब्रास माती उचलावी लागेल. ती माती कुठे ठेवणार, परत कोण पसरवणार, हे करारात नसेल तर त्या वावरात पुन्हा ज्वारी दिसणार नाही.

शेवटची गोष्ट पाण्याची. गोट्यांचा थर हाच विहिरीचा साठा असतो. तो उपसला तर वरच्या अंगाच्या विहिरीचे पाणीही त्या खड्ड्याकडे ओढले जाते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर गोड्या पाण्याचा एकेक झरा जपायचा आहे. म्हणून खड्ड्यात पाणी लागले की तिथेच थांबा.

वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक आपल्या घरात ठेवा. ज्याच्या हातात मोजमाप, त्याच्या हातात भाव. मोजमाप आपल्या हातात असू द्या.