वाढ दिसत नाहीं तेव्हां

(महोत्सवापूर्वींच्या त्रिदिन प्रार्थनेंतील दुसऱ्या सायंकाळचें प्रवचन)



महोत्सव म्हटला म्हणजे हिशेब आलाच. या धर्मग्रामांत किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, घंटाघरास किती खर्च आला, हें सारें दप्तरांत लिहिलेलें आहे व महोत्सवाच्या पुस्तिकेंत तें छापूनही येईल. परंतु एवढ्या वर्षांत आपण ख्रिस्ताच्या किती जवळ आलों, याचा रकाना कोणत्याही वहींत नाहीं. आज त्याविषयींच बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतां तेथील एक वृद्ध बागाईतदार पापनिवेदनास येईनासे झाले. मिस्सेला येत, पण ख्रिस्तप्रसाद न घेतां शेवटच्या बांकावर बसून राहत. आम्ही त्यांच्या वाडींत गेलों. विहिरीच्या कांठीं उभ्याउभ्याच ते म्हणाले, "फादर, चाळीस वर्षं तीच ती पापं सांगतोय. भावाशी अबोला, तोंडात शिवी, हिशेबात थोडं खोटं. देवालासुद्धा कंटाळा आला असेल. मला तर माझीच लाज वाटते." (हें बोलणें पापनिवेदनाबाहेरचें, आणि इतरांस सांगण्याची त्यांनीं मोकळीक दिली होती, म्हणूनच सांगतों.)

आम्हीं काय उत्तर दिलें? सेमिनरींत शिकलों तेंच: ईश्वरी कृपा, खरा पश्चात्ताप, दृढ निश्चय. त्यांनीं मान खालीं घालून ऐकिलें, आम्हांस शहाळें दिलें, आणि पुढल्या शनिवारीं ते आले नाहींत. उत्तर चुकीचें नव्हतें. पण तें त्यांच्या प्रश्नाचें नव्हतें. खरें सांगावयाचें तर त्याच सुमारास आमची स्वतःची प्रार्थना कोरडी पडली होती. नित्याची स्तोत्रें ओठांनीं पुरीं होत, मन मात्र शाळेच्या छपराच्या खर्चांत गुंतलेलें असे. वाढ थांबली अशी भीति जशी त्यांना होती, तशीच आम्हांसही होती. त्यांनीं ती बोलून दाखविली, एवढाच फरक.

आत्मिक जीवन म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा जिना, आज एक चढलों, उद्यां दुसरी, असें आपण मनांत धरून बसतों. प्रभूनें मात्र दाखला दिला तो बीजाचा. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायांत पेरणारा निजतो, उठतो, आणि अंकुर कसा वाढला हें त्याचें त्यालाच उमगत नाहीं.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचेंच चरित्र पाहा. तरुणपणीं ते जेझुइट धर्मगुरूंसोबत जपानांत गेले, तेथें धर्मशिक्षणाचें काम केलें, त्या संघांत प्रवेश मिळावा अशी फार इच्छा धरिली. पण तो मिळाला नाहीं. मग ते व्यापारी झाले. त्या वर्षांत त्यांना कोणी विचारिलें असतें, "तुमची आत्मिक प्रगति कशी काय?" तर ते काय म्हणाले असते? पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्यांस बंधु म्हणून घेतलें. आणि धर्मशिक्षणांत व व्यापारांत मुरलेली ती जपानी भाषाच १५९३ सालीं त्या संघाच्या दुभाष्याच्या कामीं आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें इतर पंचवीस जणांसह त्यांनीं क्रुसावर प्राण दिला, व १८६२ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांना संत म्हणून घोषित केलें. आपण वेदीवरची मूर्ति पाहतों. मधलीं तीं दुकानदारीचीं वर्षें कोणाच्या ध्यानांत येत नाहींत.

तर मग आपण करावयाचें काय? फार कांहीं नाहीं. संत इग्नासी यांनीं आपल्या 'आत्मिक साधने'त विवेकपरीक्षणाची एक रीति घालून दिली आहे. त्या ग्रंथास १५४८ सालीं पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. त्या रीतींत पहिली गोष्ट पापांची मोजदाद नव्हे. दिवसभरांत मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार, ही पहिली. पापांचा शोध त्यामागून येतो, आणि शेवटीं उद्यांसाठीं सुधारणेचा संकल्प. आपण हा क्रम उलटा करितों, म्हणून दोन दिवसांत थकतों. रात्रीं रोझरी झाल्यावर, दिवा मालविण्यापूर्वीं, पांच मिनिटें पुरेत. ज्यांच्या घरीं रोझरीच बंद पडली आहे त्यांनीं एका दशकापासून आरंभ करावा. मुलें कुरकुरतील, कुरकुरूं द्यावें.

त्या वृद्धांकडे आम्ही पुन्हां गेलों तो पावसाळ्याचा दिवस होता. ते केळींतला लव्हाळा खुरप्यानें काढीत होते. या वेळीं आम्हीं उपदेश केला नाहीं; शेजारीं बसून विचारिलें, "हा तर दर पावसाळ्यांत उगवतो. कंटाळा येत नाहीं कां?"

"कंटाळून कसं चालेल, फादर? गाठी खाली राहतातच. सोडून दिला तर केळ राहणार नाही." एवढें बोलून ते थांबले, आणि बराच वेळ हातांतल्या खुरप्याकडे पाहत राहिले.

त्या शनिवारीं ते आले. आंत काय बोलणें झालें तें देवाला ठाऊक.

उद्यां सायंकाळीं पांच वाजल्यापासून आम्ही पापनिवेदन ऐकण्यास बसणार आहों; शेजारच्या धर्मग्रामांतील दोन धर्मगुरुही येत आहेत. ज्यांना आमच्यापुढें येण्यास संकोच वाटेल त्यांनीं खुशाल त्यांच्याकडे जावें. आमचें स्वतःचें पापनिवेदन आम्ही कालच करून आलों. तेंच तें होतें.