पूर ओसरूं द्या, मग बघूं!

(कृष्णाकांठच्या एका गांवीं, पावसाळ्याच्या तोंडावर, शाळेच्या पटांगणांत जमलेल्या शेतकरी, कारागीर व मजूर मंडळींपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण.)



प्रथम एक विनंति. मागें भिंतीला टेकून बसलेल्या मायबहिणींनीं पुढें यावें, आणि पुरुष मंडळींनीं थोडें मागें सरावें. आजचें बोलणें त्यांच्या जिवाचें आहे. तें अर्धवट ऐकूं येऊन उपयोगाचें नाहीं. आम्ही मोठे वक्ते नव्हे. कुणब्याच्या पोटीं जन्मलों, मराठी शाळेंत शिकलों, अध्यापक विद्यालयाचा दाखला घेतला आणि वीस वर्षें या नदीकांठच्या पोरांना बाराखडी शिकवीत आलों. पोथींतलें सांगणार नाहीं. पाहिलेलें आणि आमच्याच हातून चुकलेलें सांगणार आहों.

मृग जवळ आला कीं आपण घर शाकारतों, धान्य माळ्यावर चढवतों, जनावरांचीं दावीं तपासतों. पुराची तयारी आपल्याला शिकवावी लागत नाहीं. २००५ सालीं पाणी आलें, २०१९ सालीं आलें, २०२१ सालीं पुन्हां आलें. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेनें ५७ फूट ओलांडलें. तेथें धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. त्याच महिन्याच्या ८ तारखेला पलूस तालुक्यांत ब्रह्मनाळ येथें माणसें बाहेर काढतांना नाव उलटली आणि गांवच्या बायका-लेंकरांना नदीनें गिळलें. २०२१ च्या जुलैंत पाटण तालुक्यांत आंबेघर, मिरगांव, ढोकावळे येथें डोंगर घरांवर आला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तो म्हातारीं माणसें अजून विसरलीं नाहींत. आणि पलीकडे माण, खटाव, आटपाडी, जत येथें पाण्याच्या थेंबासाठीं टाहो. सातारा-सांगलीला संकट हा पाहुणा नव्हे, तो सोयराच आहे.

पण प्रत्येक संकटाच्या पोटांत एक दुसरें संकट असतें, आणि त्याचा पंचनामा कोणी करीत नाहीं. म्हैस वाहून गेली तर तलाठी लिहून घेतो. भिंत पडली तर लिहून घेतो. छावणींत एखाद्या पोरीच्या अंगावर हात पडला, तर त्याचा रकाना कोणत्या कागदावर आहे? कोणत्याच नाहीं. तो रकाना आज आपण भरावयाचा आहे.

आतां आमची गोष्ट. ती या गांवची नव्हे. त्या पोरीच्या आईची परवानगी घेऊन सांगतों. नांव-गांव विचारूं नका.

२०१९ सालीं आमची शाळा उंचावर, म्हणून सारा गांव शाळेंत आला. चार वर्गखोल्या आणि दोनतीनशें माणसें. बाई, बाप्ये, बाळंतिणी, परगांवचे ऊसमजूर, सगळीं एकाच ठिकाणीं. वीज गेलेली. शौचकूप शाळेच्या मागें, आणि त्याच्या दाराला कडी नाहीं. दुसऱ्याच दिवशीं आमच्या लक्षांत आलें, कीं बायका दुपारनंतर पाणी पीत नाहींत. कां? तर रात्रीं मागें जावें लागूं नये म्हणून! चोहोंकडे पाणी, आणि बाई तहानलेली! एका आजीनें आम्हांस सांगितलें, "गुर्जी, तेवढी कडी लावा." आम्ही म्हणालों, "आजी, आधीं पोटाचें बघूं, मग कडीचें."

तिसऱ्या रात्रीं आमच्याच वर्गांतली एक पोर मागें गेली. तेथें एका पुरुषानें तिला धरलें. तो कोणी परका नव्हता. दिवसभर अन्नाच्या पुड्या वांटणारा, ज्याला सगळे दादा म्हणत, तोच. पोर ओरडली, हाताला चावली, सुटली. पहाटे तिची आई आमच्याकडे आली. आम्ही चार शहाणे बसलों. एक म्हणाला, गांवाची अब्रू जाईल. दुसरा म्हणाला, तो नाहीं तर पुड्या कोण आणणार? आणि आम्ही, शिकलेले, सवरलेले, म्हणालों: "पूर ओसरूं द्या, मग बघूं."

पूर ओसरला. कोणीं कांहीं बघितलें नाहीं. मात्र कुजबुज राहिली, आणि ती त्या माणसाच्या नव्हे, पोरीच्या मागें लागली. बापाचें पीक गेलेलें, घर पडलेलें, त्यांत ही कुजबुज. दिवाळीच्या आंत तिचें लग्न लावून दिलें. वय वर्षें पंधरा. पटावरून तिचें नांव कमी केलें, तें आमच्याच हातानें, आमच्याच लेखणीनें.

येथें गोष्ट संपत नाहीं. २०२१ सालीं पुन्हां पाणी चढलें. सगळा गांव शाळेंत आला. ती माउली आली नाहीं. धाकट्या दोन पोरींना घेऊन ती घराच्या माळ्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीं नावेनें त्यांना बाहेर काढलें, तेव्हां माळ्याला दोन हात पाणी कमी होतें. आम्ही रागावलों, तर ती म्हणाली, "गुर्जी, पाण्यानं मेलो तर मेलो, पर त्या साळंत पोरींना न्यायची न्हाय."

मंडळी हो, त्या दिवशीं आम्हांस समजलें, कीं कडी ही पोटानंतरची गोष्ट नव्हे. कडी हीच नाव आहे. जेथें अब्रूची खात्री नाहीं, तेथें बाई वेळेवर घर सोडीत नाहीं, आणि जी वेळेवर घर सोडीत नाहीं ती बुडते. हें आपल्याच गांवचें रडगाणें नव्हे. १९९१ सालीं बांगला देशांत मोठें तुफान झालें, लाखाहून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांत पुरुषांपेक्षां बायका कितीतरी जास्त होत्या. पुष्कळशा बायका परक्या पुरुषांच्या गर्दींत निवाऱ्याला जाण्यास भ्याल्या, घरच्या माणसाची वाट पाहत राहिल्या. पाण्यानें त्यांना बुडविलें खरें. पण आधीं भीतीनें त्यांना घरांत कोंडलें होतें.

कोणी म्हणतील, हें दैवाचें आहे. आम्ही म्हणतों, पाऊस दैवाचा असेल, पण कुणाच्या अंगावर पडणारा हात माणसाचा आहे. संकटांत तो हात मोकळा कां सुटतो, तें पाहा. अंधार असतो. पुडी देणाऱ्याच्या हातीं सत्ता येते. भुकेलेल्या पोराची आई त्याला नाहीं कसें म्हणणार? पीक बुडालेला पुरुष दारू पितो, आणि वाहून गेलेल्या म्हशीचा राग बायकोच्या पाठीवर निघतो. २०२० सालीं करोनाची टाळेबंदी झाली, तेव्हां तर पूरही नव्हता. नुसतीं दारें बंद झालीं, आणि घरांतल्या मारहाणीच्या तक्रारी राष्ट्रीय महिला आयोगाकडे एकदम वाढल्या. मारणारा आणि मार खाणारी एकाच कुलपांत! आणि शेवटीं, "एक तोंड कमी होईल" म्हणून पोरीचें लग्न. पूर चार दिवसांत जातो. ती पोर जन्मभर त्याच पुरांत राहते.

आतां आपल्या वाडवडिलांनीं काय केलें तें ऐका. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हां सातारा जिल्ह्यांत होता. १९४३ ते १९४६ या सालांत याच मुलखांत क्रांतिसिंह नाना पाटलांचें प्रतिसरकार चाललें. पाठीवर इंग्रजांचे पोलीस, डोक्यावर बक्षिसें लागलेलीं, रात्रीं उसांत निजावयाचें. अशा वेळींही त्या लोकांनीं गांवोगांव निवाडे केले, आणि बाईची छेड काढणाऱ्याला, बायको टाकून देणाऱ्याला जाब विचारला. त्यांच्या कांहीं शिक्षा फार कडक होत्या. त्या आज नकोत, आज कायदा आहे. पण "आधीं इंग्रज जाऊं द्या, मग बायकांचें बघूं" असें ते म्हणाले नाहींत. त्याच लढ्यांतल्या कासेगांवच्या इंदुताई पाटणकर पुढें म्हातारपणापर्यंत टाकून दिलेल्या बायकांच्या हक्कासाठीं झटल्या.

त्याहूनही मागें जाऊं. सावित्रीबाईंचें माहेर नायगांव, जोतीरावांच्या घराण्याचें मूळ गांव कटगुण. दोन्ही आपल्या सातारा जिल्ह्यांतलीं. त्या दोघांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. फसलेल्या विधवेनें गुपचूप यावें, सुखरूप बाळंत व्हावें. तिचें नांव चव्हाट्यावर येत नसे. दोष कुणाचा, कुळी कोणती, या चौकशीआधीं तिचा आणि बाळाचा जीव. मदत कशी करावी याचा धडा त्यांनीं घालून दिला तो हाच: आधीं दार उघडा, तोंड मात्र बंद ठेवा. आपण नेमकें उलटें करतों. दार बंद आणि तोंड उघडें!

कायद्याचें थोडें सांगतों, कारण अज्ञानावर पुष्कळांची पोळी भाजते. अठरा वर्षांखालील लेंकराशीं असा प्रकार झाला आणि तो तुम्हांस कळला, तर पोलिसांना कळविणें हें २०१२ च्या पोक्सो कायद्यानें कर्तव्य आहे. दडवून ठेवणाऱ्यालाही शिक्षा आहे. म्हणजे त्या पहाटे आम्ही चार शहाणे कायद्याच्या नजरेंत गुन्हेगारच होतों. आपलें पोलीस ठाणें पाण्याखालीं असलें तरी अडत नाहीं: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें कोणत्याही ठाण्यावर फिर्याद नोंदवून घ्यावी लागते, हद्द तुमची नव्हे असें सांगून परत पाठवितां येत नाहीं. बलात्कार झालेल्या बाईवर सरकारी असो वा खासगी, कोणत्याही दवाखान्यानें फुकट आणि ताबडतोब उपचार केले पाहिजेत. तीन दिवसांच्या आंत दवाखाना गांठला, तर गर्भ राहूं नये आणि एड्ससारखा रोग लागूं नये म्हणून औषध मिळतें. म्हणून "मग बघूं" म्हणणें म्हणजे तिचें औषध ओतून देणें होय. घरांत मारहाण होत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. त्याखालीं शेजारणीनेंही संरक्षण अधिकाऱ्याला खबर द्यावी, खरेपणानें दिलेल्या खबरेबद्दल तिच्यावर दावा चालत नाहीं. त्या बाईला राहत्या घरांतून कोणी बेकायदा हांकलूं शकत नाहीं. आणि वकिलाला पैसे नाहींत असें म्हणूं नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायकांना वकील फुकट देतें, मग मिळकत कितीही असो.

नुसतें ऐकून टाळ्या वाजवूं नका. आमच्या त्या शाळेंत पुढें सुतारमामांनीं कड्या ठोकल्या, गवंड्यानें आडोसा बांधला. सगळा खर्च एका जेवणावळीच्या पासंगालाही पुरला नाहीं. तेव्हां पाणी चढण्यापूर्वीं, आजच, या पटांगणांत पुढील ठराव करा.

पहिला: छावणीच्या प्रत्येक शौचकुपाला आणि न्हाणीला आंतून कडी आणि जवळ रात्रभर दिवा. बायकांचीं वेगळीं, खोलीजवळ. बायका-लेंकरांची खोली निराळी, आणि तिच्या दाराशीं बायांचाच पहारा.

दुसरा: धान्य, पुड्या, कपडे हें बायांच्या हातानें, यादीप्रमाणें, उजेडांत वांटलें जावें. कोणी एकट्या बाईला "मागाहून ये" म्हणूं नये.

तिसरा: पांच बायांची समिति. त्यांत प्रत्येक वस्तीची एक असावी. दलित वस्ती, ऊसमजुरांच्या खोपी, एकटी विधवा सुटतां कामा नये. जिच्यावर प्रसंग आला ती त्यांच्यापाशीं बोलेल. त्यांनीं ऐकावें, विश्वास ठेवावा, तिला विचारून पुढचें पाऊल टाकावें, आणि बाहेर ब्र काढूं नये. लेंकराची गोष्ट असेल तर मात्र खबर द्यावीच लागेल; तीही गुपचूप, तिचें नांव सांभाळून. गांवकीनें बसून तडजोड करावयाची नाहीं.

चौथा: शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत आंकडे रंगवा: पोलीस ११२, बायकांसाठीं १८१, लेंकरांसाठीं १०९८, फुकट वकिलासाठीं १५१००. रंग आम्ही देतों, अक्षर पोरें काढतील.

पांचवा: पुराच्या सालीं अठरा वर्षांखालील एकाही पोरीचें लग्न या गांवांत होणार नाहीं. पोर तीन दिवस शाळेला आली नाहीं, तर शिक्षकानें घरीं जावें. बाईचें बँकेंत स्वतःचें खातें असावें, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर घराला दोघांचीं नांवें लागावीं. मग मदतीचा पैसा दारूच्या दुकानाकडे जाण्याआधीं तिला दिसेल.

तरुणांनो, तुम्ही नावा वल्हवतां, छातीभर पाण्यांत शिरून माणसें काढतां. त्याचा आम्हांस अभिमान आहे. पण नावेंतून उतरवून दिलेली बहीण रात्रीं सुखानें निजली कीं नाहीं, हें विचारल्याशिवाय तुमचें काम पुरें होत नाहीं. आणि तिला त्रास देणारा आपल्याच तालमींतला, आपल्याच भावकींतला निघाला, तर त्याला पाठीशीं घालूं नका.

ती आमची विद्यार्थिनी आतां दोन लेंकरांची आई आहे. गेल्या साली बाजारांत भेटली. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "गुर्जी, कडी लावली म्हनं." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. कडी लागली, पण तिच्यासाठीं उशिरा लागली. तुमच्या गांवांत ती वेळेवर लागावी, एवढ्याचसाठीं आज येथवर आलों. आभाळाकडे बघा, फार दिवस उरले नाहींत. सुतारमामा, उद्यां सकाळीं येतां ना?