बटाट्याचं सॅलड कोणी केलं?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या घरी रविवारी, चर्च सुटल्यावर, नातलग आणि मित्रमंडळी जेवायला जमतात. येणारा प्रत्येक जण एखादं भांडं घेऊन येतो, पण कोणी काय आणायचं ते घरातल्या वडीलधाऱ्या बायका ठरवतात. नव्या सुनेच्या वाट्याला बहुधा कागदी बशा आणि बर्फ. मॅकरोनी-चीज करायचा मान मिळायला वर्षं जातात. टेबलावर अनोळखी हातचं बटाट्याचं सॅलड दिसलं, की आधी चौकशी होते, 'हे कोणी केलं?' नाव पटलं तरच चमचा पुढे सरकतो.

या जेवणाला सोल फूड हे नाव १९६०च्या दशकात रुळलं, जेवण मात्र त्याहून कितीतरी जुनं. चवळी आणि भेंडी आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर तिकडे पोचली. मळ्यावर गुलामांना आठवड्याचा शिधा मिळे तो मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, फार तर थोडी काकवी. त्यात परसातली कोलार्डची भाजी. ही कोबीच्याच कुळातली, पण गड्डा न धरणारी. काश्मिरी लोक जिला हाक म्हणतात ती. धुरावलेल्या मांसाच्या तुकड्याबरोबर ती मंद आचेवर शिजते, आणि मागे उरलेलं पाणी कोणी ओतून देत नाही. मक्याचा पाव त्यात बुडवून खातात. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी-भात आणि ही भाजी हवीच, कारण चवळी म्हणजे नाणी आणि पाला म्हणजे नोटा!

डुकराची आतडीही या स्वयंपाकात आहेत. ती साफ करण्यात अख्खी सकाळ जाते आणि वास घरभर पसरतो, त्यामुळे आजही एकाच कुटुंबात खाणारे आणि नाक मुरडणारे असे दोन तट असतात. आपल्याकडे शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवरचे पदार्थ नोंदवले आहेत. वजडी (आतडी), चान्या (वाळवलेलं मांस) यांच्याबद्दल त्यात वाचलेल्या माणसाला हे दोन तट वेगळे समजावून सांगायला नकोत. तिकडच्या गुलामांची आठवण मराठीला तशी जुनीच. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना.

पुढे लाखो कृष्णवर्णीय माणसं अमेरिकेच्या दक्षिणेतली शेती सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कला गेली. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये भाडी भरमसाट. मग महिनाअखेरीला बिऱ्हाडातलं सामान भिंतीला सरकवायचं, पियानोवाला बोलवायचा, मासे तळायचे आणि दारात थोडे पैसे घेऊन लोकांना आत सोडायचं. पाहुणे जेवत, नाचत, आणि घरमालकाचे पैसे निघत. १९२०च्या दशकात अशा पार्ट्यांची छापील कार्डं वाटली जात.

पण घरच्या जेवणाची खरी ताकद पाहायची तर अलाबामातल्या माँटगोमरीला जायला हवं. तिथे जॉर्जिया गिल्मोर नावाची एक बाई होती. खानावळीत स्वयंपाक करी, सुईणपणही करी, आणि तोंडाने फटकळ. बसच्या ड्रायव्हरने पैसे घेऊन तिला खाली उतरून मागच्या दाराने चढायला लावलं आणि ती चढायच्या आत बस हाकली. डिसेंबर १९५५ मध्ये अशा वर्णभेदाविरुद्ध शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला, तो ३८१ दिवस चालला. लोकांना कामावर नेणाऱ्या गाड्यांना पेट्रोल लागे. जॉर्जियाने बायका गोळा केल्या. त्यांनी घरोघरी केक, पाई, तळलेल्या कोंबडीची सँडविचं केली, केशकर्तनालयांत नि टॅक्सीच्या थांब्यांवर विकली, आणि जमलेले पैसे बहिष्काराच्या सभेत आणून दिले. पैसे कुठून आले असं कोणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं: कुठूनच नाही. मंडळाचं नावच 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. गोऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या बायकांची नोकरी या नावाआड वाचत असे. कोणी किती दिलं, ते एकट्या जॉर्जियाला ठाऊक.

बहिष्काराचे नेते मार्टिन लूथर किंग यांच्यावर त्यावरून झालेल्या खटल्यात तिने १९५६ साली साक्ष दिली आणि तिची नोकरी गेली. तेव्हा किंग यांनीच तिला घरी जेवण घालायचा धंदा सुचवला, पैशाची मदतही केली. मग तिच्या घरात दुपारी वकील, मजूर, पाद्री, गोरे, काळे सगळे दाटीवाटीने जेवू लागले. शहरातल्या हॉटेलांत ज्यांना शेजारी बसायची बंदी, ते इथे एकमेकांकडे बशी सरकवत होते. किंग यांच्या खाजगी बैठकाही याच टेबलाशी होत. मार्च १९९० मध्ये, मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमरी मोर्चाला २५ वर्षं झाली त्या निमित्ताने येणाऱ्यांसाठी ती स्वयंपाक करत होती, आणि त्यातच तिचा अंत झाला. केलेलं अन्न घरच्यांनी समाचाराला आलेल्या लोकांना वाढलं.

आता अशी पंगत कोणाला आपल्या घरी बोलवावीशी वाटली, तर चवळी, भेंडी, रताळी कुठल्याही मंडईत आहेत. मांस नको असेल तर हरकत नाही. तिकडेही हल्ली कित्येक घरांत डुकराऐवजी टर्कीचं धुरावलेलं मांस घालतात, आणि पूर्ण शाकाहारी सोल फूडही निघालं आहे. एक रीत मात्र पाळा. शेवटी प्रत्येक पाहुण्याच्या हाती फॉइलमध्ये बांधलेली बशी द्यायची असते. पण सगळ्यांचं जेवण होण्याआधी जो स्वतःची बशी बांधायला उठेल, त्याला आजी नावानिशी हाक मारून खाली बसवते.