यंत्राशी संवाद आणि पाठटाचणाची शिस्त



प्रश्न विचारताच मराठीत उत्तर देणारे यंत्र आता वऱ्हाडातील खेड्यापाड्यांतील शिक्षकाच्या मोबाईलवर येऊन पोहोचले आहे. चॅटजीपीटी हा चॅटबॉट ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुला झाला. गूगलचा जेमिनी त्यामागोमाग आला. दोहोंचाही प्राथमिक उपयोग विनामूल्य करता येतो. कित्येक शिक्षक या साधनाकडे धास्तीने पाहतात, तर कित्येक त्याचे प्रत्येक उत्तर प्रमाण मानतात. दोन्ही गोष्टी टाळावयाच्या असतील, तर हे यंत्र काय करते हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

मनुष्याने लिहिलेल्या प्रचंड मजकुरावरून, कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येण्याचा संभव अधिक, हे या यंत्राने आत्मसात केलेले असते. विचारलेल्या मजकुरास अनुसरून ते उत्तर थोडे थोडे जुळवीत जाते. म्हणून त्याची भाषा सफाईदार असते. परंतु भाषेची सफाई म्हणजे सत्याची हमी नव्हे. शिवाय त्याच्या अभ्यासात इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर फार थोडा आहे, आणि एखाद्या गावाविषयीचा तर जवळजवळ नाहीच.

या यंत्रास जी सूचना लिहून द्यावयाची, तिला प्रॉम्प्ट म्हणतात. हा शब्द नवा असला तरी त्यामागील शिस्त प्रशिक्षित शिक्षकास नवी नाही. अध्यापक विद्यालयात प्रत्येकाने पाठटाचण लिहिलेले आहे. इयत्ता, घटक, उद्दिष्ट, विद्यार्थ्यांचे पूर्वज्ञान, साधने आणि मूल्यमापन, हीच टाचणाची अंगे होत. उत्तम प्रॉम्प्टचीही अंगे हीच आहेत.

दर्यापूर तालुक्यातील एखाद्या शाळेचे उदाहरण कल्पावे. शिक्षकाने ‘भागाकाराची उदाहरणे द्या’ एवढेच लिहिले, तर यंत्र कोणत्याही मुलांसाठी चालतील अशी उदाहरणे देईल. म्हणजे त्या वर्गासाठी ती नसतील. त्याऐवजी असे लिहावे :

‘इयत्ता तिसरी. मुलांना बेरीज, वजाबाकी व १० पर्यंतचे पाढे येतात. भागाकार नुकताच सुरू झाला आहे. एकअंकी भाजक असलेली व बाकी न उरणारी ८ शाब्दिक उदाहरणे सोप्या मराठीत द्या. कापूस, तूर, हरभरा, एसटी व आठवडी बाजार यांचे प्रसंग घ्या. प्रत्येक उदाहरण दोन लहान वाक्यांचे असावे. उत्तरे शेवटी वेगळी द्या.’

या सूचनेत अलंकारिक काहीच नाही. केवळ शिक्षकास ठाऊक असलेली आणि यंत्रास ठाऊक नसलेली माहिती तीत आहे.

तरीही पहिले उत्तर अखेरचे मानू नये. समजा, एका उदाहरणात विहिरीचे पाणी समान घागरींत भरून पिण्यासाठी घरोघर वाटले आहे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट असते, हे तिसरीतल्या मुलाला ठाऊक असते. यंत्राच्या ध्यानी ते येईलच असे नाही. तेव्हा सूचना टाकून न देता त्याच संवादात पुढे लिहावे : ‘चौथे उदाहरण बदला, येथे विहिरीचे पाणी खारे आहे, लोक ते पीत नाहीत.’ अशा दोनतीन दुरुस्त्यांनंतर मजकूर वर्गास योग्य होत जातो. मात्र प्रत्येक गणित शिक्षकाने स्वतः सोडवून पाहावे, कारण यंत्राचे हिशेबही चुकू शकतात.

इतिहास व थोर पुरुष यांच्या बाबतीत अधिक सावधानता हवी. संत गाडगे महाराजांचा जन्म १८७६ साली शेंडगाव येथे झाला, तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा १९०९ साली यावली येथे. दोघेही अमरावती जिल्ह्यातील, दोघेही लोकजागृती करणारे. अशा सारख्या चरित्रांत एकाची गावे व साले दुसऱ्याच्या नावे जोडली जाण्याचा संभव असतो, आणि तीही तितक्याच ठाम भाषेत. म्हणून नाव, गाव व साल पाठ्यपुस्तकाशी किंवा अन्य विश्वसनीय ग्रंथाशी ताडून पाहिल्यावाचून फळ्यावर लिहू नये.

मेळघाटातील शिक्षकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. पहिलीत येणाऱ्या अनेक मुलांची घरची भाषा कोरकू आहे. ती मुंडा कुळातील असून मराठीहून मुळातच निराळी आहे, आणि तिच्यातील छापील मजकूर अल्प आहे. यंत्राने दिलेले कोरकू शब्द गावातील आजीआजोबांना ऐकवून खरे करून घेतल्याशिवाय वर्गात वापरू नयेत. चित्रावरून सांगावयाच्या गोष्टीचा मराठी आराखडा यंत्राकडून घ्यावा. तिच्यातील शब्द मात्र गावाकडूनच घ्यावेत.

आणखी दोन पथ्ये आवश्यक आहेत. विद्यार्थ्याचे नाव, आधार क्रमांक, आजार किंवा कौटुंबिक अडचण यंत्रात लिहू नये. ‘वाचनात मागे असलेला दुसरीतील मुलगा’ एवढा उल्लेख पुरतो. तसेच लहान मुलांच्या हाती हे साधन देऊ नये. वर्गात अशा साधनांच्या वापरासाठी किमान १३ वर्षे वयाची मर्यादा असावी, अशी शिफारस युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत केली आहे. प्राथमिक शाळेत त्याचा उपयोग शिक्षकाने पाठाच्या तयारीपुरता करावा.

दोन शिक्षकांवर चार इयत्ता असलेल्या शाळेत तयारीचा वेळ वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. त्या वाचलेल्या वेळात वाचनात अडखळणाऱ्या मुलाजवळ बसता आले, तरच या साधनाचे सार्थक झाले. परंतु ज्या मुलाच्या घरी पडताळून पाहण्यास दुसरे पुस्तक नाही, त्यास गुरुजींचा किंवा बाईंचा शब्द हाच आधार असतो. तेथे न तपासलेला मजकूर पोहोचला, तर ती चूक दुरुस्त करणारे कोणी उरत नाही.

यास्तव आरंभ लहान असावा. प्रत्येक शिक्षकाने येत्या महिन्यात एकाच पाठासाठी टाचणाच्या अंगांनुसार प्रॉम्प्ट लिहावा, आलेले उत्तर तपासावे आणि केलेल्या दुरुस्त्या वहीत नोंदवाव्यात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्या वह्या समोर ठेवून चर्चा झाली, तर कोणती सूचना उपयोगी पडली आणि यंत्र कोठे चुकले, हे सर्वांनाच कळेल.