मागे राहिलेल्यांची कविता

(नागापूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



स्वतःच्या मरणावर कविता करणे त्यामानाने सोपे असते, असे मी म्हटले तर इथली कविमंडळी रागावतील. पण पाहा. तुकोबा आपले मरण आपणच पाहून घेतात आणि त्याचा सोहळा करतात. भा. रा. तांबे बजावतात, की मागे लोक घटकाभर हळहळतील आणि आपापल्या कामाला लागतील. सुरेश भटांना सरणावरही जगण्याचा हिशेब मांडायचा असतो. या कविता आपल्याला आवडतात, कारण त्यांतला मरणारा माणूस शहाणा आहे, निर्भय आहे. पण आपले मरण आपल्याला पुन्हा आठवावे लागत नाही. आठवावे लागते ते दुसऱ्याचे. मृत्यू अटळ आहे हे पत्करायचे काम मागे राहिलेल्यांवर पडते, आणि मला त्यांच्या कवितेविषयी बोलायचे आहे.

त्यासाठी आपल्याला नगर जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. नेवाशाला शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगून झाली. तिच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला समजावताना ज्ञानदेव घटिकायंत्राचा दाखला देतात: उपजणे आणि नासणे हे फिरतच राहणार. सूर्याचे उगवणे-मावळणे जसे कोणी थोपवत नाही, तसेच हे. युक्तिवादाला कुठे फट नाही.

मग सहा वर्षांनी, कार्तिक वद्य त्रयोदशीला, आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. त्या प्रसंगाचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. त्यांत कोण रडते? निवृत्तिनाथ! ज्ञानदेवांचे थोरले भाऊ आणि गुरूही. ज्यांच्या कृपेने ती ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्यांचाच धीर सुटतो, आणि बांधलेले तळे फुटून पाणी वाट फुटेल तिकडे धावावे तशी त्यांची अवस्था नामदेव दाखवतात. परंपरेने हे अभंग झाकून ठेवले नाहीत. गुरूचे रडणे हा त्याच्या ज्ञानाचा पराभव आहे असे वारकऱ्यांना कधी वाटले नाही. नामदेव स्वतः त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे जगले, आणि जगले म्हणजे बसून राहिले नाहीत. नाम घेऊन पंजाबपर्यंत गेले.

आपल्याकडे दशक्रियेला नदीकाठी प्रवचन असते. महाराज घटिकायंत्राच्याच वळणाचे दाखले देतात. नंतर पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या सुरू होतात, त्या लांबतात, आणि पिंडाला कावळा कधी शिवतो याकडे डोळे लावून बसलेले घरचे लोक बाजूला राहतात. तिथे दुसरा अध्याय सांगतात हे योग्यच आहे. पण त्याच्या जोडीला निवृत्तिनाथांचे रडणेही सांगायला हवे. सुनेला, लेकाला ‘रडू नका, आत्मा अमर आहे’ म्हणून गप्प करणे मला बरे वाटत नाही.

आता नगर शहरात या. रेव्हरंड नारायण वामन टिळक इथे राहत होते. ‘केवढे हे क्रौर्य’ आपण शाळेत शिकलो. त्यातली घायाळ पक्षीण मरणाचा विचार करत बसत नाही. शेवटचा घास पिलांपर्यंत पोहोचवते आणि मग प्राण सोडते. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात टिळकांच्या नजरेत एक पोरगा भरला. तो त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणून ठेवले आणि तो त्या घरचाच झाला. 5 मे 1918 रोजी जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. पुढे समीक्षकांनी त्यांच्या ‘पारवा’सारख्या उदास कवितांत या मरणाची चाहूल शोधली. मला ही खटपट पटत नाही. अपघात तो अपघात. कवितेला ज्योतिषाच्या कामाला जुंपू नये.

वर्षभराने, 9 मे 1919 ला, टिळकही गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ओवीबद्ध काव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. मागे राहिल्या लक्ष्मीबाई. लग्नाच्या वेळी त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्या नवऱ्याजवळ लिहा-वाचायला शिकल्या होत्या. त्यांनी लेखणी घेतली आणि उरलेले साठाहून अधिक अध्याय स्वतः लिहून काव्य पुरे केले. स्वीकार म्हणतात तो हा, असे माझे मत आहे. त्यात दुःख संपल्याची ग्वाही नाही, तत्त्वज्ञानाचा आव नाही. अर्धे राहिलेले काम तेवढे उचलले आहे. आणि ज्या ग्रंथासाठी महाराष्ट्र त्यांना ओळखतो ती ‘स्मृतिचित्रे’ही त्यांनी या मरणांनंतरच लिहिली. तिच्यात टिळकांच्या विक्षिप्तपणावर त्या मनसोक्त हसतात. गेलेल्या माणसावर इतक्या मोकळेपणाने हसता येणे ही सोपी गोष्ट नव्हे.

‘ख्रिस्तायन’ आता फारसे कोणी वाचत नाही, हे मान्य. ‘स्मृतिचित्रे’ मात्र कोणत्याही बऱ्या वाचनालयात मिळते. घरात नुकतेच कोणी गेले असेल, तर सांत्वनाच्या पुस्तकांआधी ते घरी न्या, आणि ठोंबऱ्यांची हकीकत आधी वाचा.